डाव्या बाजूची पायरी

“दोनच सीटं? मग मी कुठं बसू, बॉनेटवर?”

शारदाबाईंच्या या प्रश्नावर कुणी हसलं नाही. तळ्याच्या बांधाशी दोन जुन्या जीप उभ्या होत्या. एक आखूड, एक लांब. बांधापलीकडं त्यांच्या लेकानं, गिरीधरनं, चिकूची बाग घेतली होती. सर्जापूर रोड सोडला की पुढं नुसता चिखल. जीपशिवाय बागेत पोचायची सोय नव्हती. आयुधपूजा, गाड्या पुजायचा दिवस, चार दिवसांवर आली होती. गाडी आजच ठरायची होती.

“आई, वळणाला आखूडच बरी,” गिरीधर जमिनीकडं बघत म्हणाला.

वळणाचं निमित्त शारदाबाईंना पुरतं कळलं होतं. गेल्या महिन्यात बागेतल्या खोलीवर नवी कौलं चढली. तिथं साहेबी थाटाचा, खुर्चीसारखा संडास बसला. सून रूपश्री गळ्यात फीत अडकवून गेली आणि पडद्यांची मापं घेऊन आली. आता ही दोन सीटांची गाडी. एक नवऱ्याची, एक बायकोची. म्हातारी राहील जयनगरात, दुकानाच्या माडीवर, मशिनांची खडखड ऐकत. चाळीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवलेल्या बाईला कापड कुठं उसवतंय हे दुसऱ्यानं सांगावं लागत नाही.

“लांबडी घ्यायची,” त्या म्हणाल्या. “अख्खं घर मावलं पाहिजे.”

गाड्या घेऊन आलेला मिस्त्री मल्लाप्पा पुढं झाला. “अम्मा, स्वल्प ऐका. पाण्याच्या मोरीपाशी बांध डावीकडं वळतो. लांब गाडीचं पुढचं चाक निघतं. मागचं आत कापतं. डावीकडं पाणी आहे.”

“रुंदी मी इथनं बघितली. दोन्ही अंगांना हात-हात जागा सुटते. दारात उभ्या माणसाची छाती मी फीत न लावता सांगते. तू तुझे पाने सांभाळ.”

“रुंदी आहे, आई,” रूपश्री हळूच म्हणाली. “पण बाहीची गोलाई सरळ पट्टीनं कशी...”

“मला कटिंग शिकवू नकोस!”

त्यांची नजर आखूड जीपच्या अंगावर गेली. डाव्या सीटखाली लोखंडाची एक बुटकी पायरी लोंबत होती. जोड नवा, रंगसुद्धा दिलेला नाही. त्या वळसा घालून पलीकडं गेल्या. उजव्या अंगाला काहीच नव्हतं.

“एकाच बाजूला? अर्धवट काम!”

मल्लाप्पानं रूपश्रीकडं पाहिलं. रूपश्रीनं मान वळवली. शारदाबाईंनी दोन्ही टिपलं. डावी बाजू म्हणजे बायकोची बाजू. राणीसरकारांना चढायला पायरीपण हवी!

“गिरीधर, बस लांबडीत. मी शेजारी बसते. बघू कशी निघत नाही ते.”

लांब जीप उंच होती. गिरीधरनं हात पुढं केला, तो त्यांनी झटकला. दांडा धरून अंग वर ओढलं. उजवा गुडघा कडकन वाजला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदराच्या टोकानं घाम म्हणून पुसलं. दोन वर्षं हा गुडघा त्यांनी घरापासून लपवला होता. कळलं असतं तर दुकानातली गल्ल्याची खुर्चीही गेली असती.

गाडी बांधावर चढली. मागून मल्लाप्पा आणि रूपश्री चालत होते. मोरी आली. पुढची चाकं वळली.

“निघाली की नाही?” शारदाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मागचं डावं चाक बांधाची कड फोडून खाली गेलं. गाडी कलली. शारदाबाईंच्या कोपराखाली हिरवं पाणी होतं, आणि मधे काहीच नव्हतं.

“आई, हलू नकोस!” गिरीधरचा पाय ब्रेकवर गच्च रुतला होता. तो उचलता येत नव्हता. मल्लाप्पा चाकाखाली दगड सारायला धावला. रूपश्रीनं साडी खोचली, उजव्या अंगाच्या कठड्याला धरलं आणि सगळा भार मागं टाकून लोंबकळली.

“या, आई. इकडनं. माझ्या खांद्यावर भार द्या.”

शारदाबाईंनी आजवर कुणाच्या खांद्यावर भार दिला नव्हता. त्यांनी दिला. लेकाच्या मांडीवरून, गिअरच्या दांड्यावरून, त्या कशाबशा उजव्या बाजूला आल्या आणि सुनेच्या अंगावरून खाली घसरल्या. दगड बसले. गाडी थांबली. मग गिरीधरनं ती हळूहळू वळणापलीकडं काढून ठेवली.

आता अर्धा बांध परत चालायचा होता. शारदाबाईंनी एक पाऊल टाकलं. दुसरं पडेना. मल्लाप्पा मागं गेला आणि आखूड जीप उलटी घेत घेत त्यांच्यापाशी आणून उभी केली. मोरीचं वळण तिनं सहज काढलं.

पायरी समोर होती. शारदाबाईंनी तिच्यावर पाय ठेवला. गुडघा वाजला नाही.

त्या तशाच उभ्या राहिल्या. ही उंची पायाच्या ओळखीची होती. वीत आणि वर दोन बोटं. घरी त्यांच्या उंच पलंगाशी बुटक्या स्टुलासारखी लाकडी मणई असते, तिच्यावर पाय ठेवून त्या रोज वर चढतात. तीही एवढीच. गेल्या आठवड्यात ती दोन दिवस गायब होती, आणि त्यांनी कामवाल्या गंगव्वाला चोर ठरवून घर डोक्यावर घेतलं होतं.

“माझी मणई तू नेली होतीस?”

रूपश्री पदराचा चिखल झटकत राहिली. “मल्लाप्पांना माप हवं होतं. तुम्हाला विचारलं असतं तर म्हणाला असता, मला कुठं काय झालंय?”

“आणि एकाच बाजूला का?”

“चालवणाऱ्याला पायरी लागत नाही, आई.”