गडद पट्टा
अवकाशातून टिपलेल्या फोटोंवरून प्रवाळखडकांवरच्या पाण्याची खोली ठरवणं हे तिचं काम. फिकट निळं ते उथळ, गडद ते खोल. दिवसभर निळं बघून डोळे चुरचुरत होते, आणि सुट्टीवरचा नवरा खुर्चीमागे ठाण मांडून होता. तो चालवायचा ती प्रवासी लाँच रोज खडकांना वळसा घालून उशिरा परते. “बाईसाहेब, मधला पट्टा गडदच आहे. नकाशात तेवढी वाट द्या, संध्याकाळचा चहा तुमच्यासोबत.” चहा तिलाही हवाच होता. तिने ‘खोल’ लिहिलं. तो शीळ घालत निघाला, तेव्हा तिची नजर पट्ट्याशेजारच्या ढगावर गेली. ढगाची कड फाटकी होती, पट्ट्याचीही तशीच. तो पट्टा म्हणजे ढगाची सावली. सावलीखाली खडक किती वर, कोण जाणे. तिने ‘खोल’ खोडलं आणि त्याला हाक मारली. “वळशानेच जा.” “म्हणजे रोज उशीरच?” “हो. जेवण झाकून ठेवेन.”