आईच्या जागी

“उठ, मयुरी,” तिचे बाबा हरिदास माइकवर म्हणाले. “आईच्या जागेवर उभी राह्य.”

मयुरी उठली नाही. समोरच्या टेबलावर आईचा फोटो होता. आईला, कमलाला, मागच्या आठवड्यात पुरलं होतं. आज तिची स्मरणसभा. समुद्रपूरच्या बसस्टँडमागचा पत्र्याचा हॉल गच्च भरला होता. आंजीहून माणसं आली होती, पार रोहण्याहूनही आली होती. मागच्या रांगांतले बरेच जण पहिल्यांदाच आलेले. मेलेल्या बाईला ते ओळखत नव्हते. ते हरिदासभाऊंची साक्ष ऐकायला आले होते.

प्रभू भेटायच्या आधी आपण किती वाईट होतो, हे मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, ही साक्ष. जितका काळोख जास्त, तितकी साक्ष चांगली. हरिदासांची साक्ष साऱ्या तालुक्यात गाजलेली होती.

ते बायबलातल्या शौलापासून सुरुवात करत; ख्रिस्ती लोकांना छळणारा हा शौलच पुढे प्रभू भेटून पौल झाला. स्तेफन नावाच्या शिष्याला लोक धोंडे मारत होते तेव्हा शौल मारणाऱ्यांचे कपडे राखत उभा होता. “कपडे राखणारा बरा!” हरिदास ओरडत. “मी तर सोता मारत होतो!” मग ते हात लांब करत, आणि पहिल्या रांगेतली कमला उठत असे. पदर सारून डावा हात दाखवत असे. तो हात कोपरात सरळ होत नव्हता. “हा हात मी मोडला! मी शौल होतो शौल! आन् प्रभूनं मले काय केलं?”

“पौल केलं!” हॉल दणाणून जाई.

कमला खाली बसे. माइक तिच्या हातात कधी कोणी दिला नाही.

मयुरी वर्ध्याला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. आईला तिने कितीदा सांगितलं होतं, तू उठत नको जाऊ. आई म्हणायची, “जाऊ दे न वो माय. लोकं येते त्याच्यानं.”

आज सकाळी दारातच पास्टर प्रभाकरांनी तिला गाठलं होतं. यावेळी आईच्या जागी तू उभी राहा, म्हणाले. मयुरी म्हणाली, मी आईचं आवडतं गाणं म्हणते, बाकी काही नको. पास्टर हसले. “गाणं मग म्हण ना. आधी साक्ष. तुझ्याशिवाय ती अर्धी राहील, बेटा.”

आता हरिदासांनी हात लांब केला होता. तोच हात, तसाच. “ये बेटा. लाजू नको. सांग सगळ्यायले, तुह्या बापानं तुह्या मायचे काय हाल केले ते.”

शेजारच्या अनुसयाबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. “उठ वो. लोकं पाहून राह्यले.”

मयुरी उठली. पुढे गेली. हरिदासांच्या बाजूला उभी राहण्याऐवजी तिने त्यांच्या हातातून माइक घेतला. ते हसतच होते. मुलीचं मन भरून आलं असं त्यांना वाटलं. मागून कोणीतरी “प्रभूची स्तुती असो” म्हणालं.

“पौल दिमिष्कच्या रस्त्यावर पडला, तिथं प्रभू भेटला त्याले,” मयुरी म्हणाली. “त्याच्यानंतर त्यानं कोणाले एक धोंडा मारला नाई. उलट लोकायचे धोंडे खाल्ले. म्हणून तो पौल.”

“आमेन,” हरिदास म्हणाले.

“बाबा, तुमचा बाप्तिस्मा झाला तवा मी सातवीत होती. आईचा हात मोडला तवा मी दहावीत होती.”

ती बोलतच राहिली.

“दारू कवाच सुटली होती. त्या दिवशी तुम्ही आंजीची सभा करून आलते. सभेत तुमचं बोलणं सरायच्या आधी आईनं गाणं धरलं, म्हणून घरी येऊन तुम्ही पाट उचलला. आन् पुढच्या महिन्यात तोच हात साक्षीत आला.”

हरिदासांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पास्टरांकडे पाहिलं.

पास्टर प्रभाकर लगबगीनं पुढे आले. माइकचा खटका त्यांनी बंद केला. आवाज अगदी खाली, मायेचा. “बेटा, पौलाच्याही अंगात काटा होता, माणसात काही उणं राहतंच. नवीन माणसं बसली आहेत. घरच्या गोष्टी घरी.”

“आईलेही घरीच मारलं होतं,” मयुरी म्हणाली. माइक बंद होता, तरी ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

“बस आता, पोरी,” अनुसयाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. “तिनं सोसलं न सारं निमूटपणे. तिच्या नावानं तरी गप राह्य.”

मयुरी जागेवरून हलली नाही. ती वाट पाहत होती. तिची तयारी होती. त्या दिवशी प्लास्टर कुठे घातलं, कोणत्या डॉक्टरनं घातलं, आई त्याला काय खोटं बोलली, सगळं ती सांगणार होती. कोणी एक प्रश्न विचारायचाच अवकाश होता.

मागच्या रांगांतली नवी माणसं पुढच्या रांगांकडे पाहू लागली. कोणीतरी उठेल, ‘ही खोटं बोलते’ म्हणेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. पुढच्या रांगांत जुनी मंडळी होती. हरिदासांच्या बाप्तिस्म्याला हीच माणसं हजर होती, आणि त्यानंतर तीन वर्षं त्यांनी कमलाला दोन्ही हात वर करून गाताना पाहिलं होतं. ती सगळी सतरंजीकडे पाहत होती.

पास्टरांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले.

हे खरं आहे का, असं कोणीच विचारलं नाही.