लग्न निवडणुकीनंतर

"या वहिनी, या!" शाळेच्या दारात उभा असलेला वॉल्टर ओरडला आणि लगेच त्याने जीभ चावली. "छे, आज वहिनी नको. आज म्हटलं तर मत बाद व्हायचं."

लाल फिती लावलेले त्याचे दोस्त खो खो हसले. सेलिना हसली नाही. थॉर्नबेक नगरपालिकेचं मतदान होतं आणि ती गिरणीतून थेट आली होती, केसांत कापूस तसाच. आली होती गिरणीमालकाच्या जावयाच्या मोटारीतून. जावई तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, एनॉकच्या विरोधात उभा होता, पण मोटार फुकट होती. गल्लीने ठरवलंच होतं, बसायचं त्याच्या गाडीत, मत द्यायचं आपल्या एनॉकला.

"बाद का होईल?" तिने विचारलं.

"विधवेला मत, नवरा असलेल्या बाईला नाही, कायदाच तसा. तुम्हाला काय नवीन सांगायचं? म्हणून तर एनॉकने लग्न पुढे ढकललं. पक्का आहे गडी! म्हणाला, लग्न काय, कधीही होईल. हातातलं मत कशाला घालवा?"

लग्न सप्टेंबरात होणार होतं. निळा झगा शिवून तयार होता. मग एनॉक म्हणाला, "आईला जाऊन वर्ष तरी होऊ दे गं." बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. किती मायेचा माणूस, असं सेलिनाने सगळ्या शेजारणींना सांगितलं होतं.

ती आत गेली. मतपत्रिका घेऊन फळीच्या आडोशाला उभी राहिली. पेन्सिल उचलली, परत ठेवली.

कारकून खाकरला. "बाई, दोनच नावं आहेत."

गल्लीत नऊ घरांत मिळून एक संडास होता. त्याबद्दल तोंड उघडणारा एनॉक एकटाच. जावयाने गल्ली पाहिली ती मोटारीतून, तीही आजच. सेलिनाने एनॉकच्या नावापुढे फुली मारली आणि चालत घरी गेली.

एनॉक निवडून आला. दुसऱ्या दिवशी गिरणी सुटल्यावर तो तिच्या दारात हजर. कोटावर लाल फीत तशीच.

"एका मताने, सेलिना! तुझ्याच मताने म्हण ना! चल, आत्ताच पाद्रीबुवांकडे जाऊन तारीख घेऊ."

सेलिनाने शाल हातात घेतली.

"आज आई असती तर," एनॉक म्हणाला आणि त्याचे डोळे पुन्हा भरून आले.

सेलिना त्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिने शाल परत खुंटीला लावली.

"किती वर्षांसाठी निवडून आलास?"

"तीन. का गं?"

"मग तीन वर्षांनी ये मत मागायला," ती म्हणाली. "तेव्हाही मी विधवाच असेन."