बाटलेला हौद

मी गोऱ्यांच्या पोहायच्या हौदात उडी मारली आणि हणमंताकाकानं केसाला धरून मला काठावर ओढलं. काका तिथला रखवालदार, आमच्याच आळीतला, पण रेल्वेच्या साहेबांची काठी आमच्यावरच चालवायचा.

"तुला मरायचंय का रे भाड्या?" त्यानं नाकावरच हाणली.

मी हौदातच रक्त थुंकलो. "मार की अजून. पाणी तर बाटलं. उपसा आता!"

साहेबांचा नियमच होता. काळं अंग लागलं की सगळा हौद उपसायचा, घासायचा, विहिरीवरनं परत भरायचा. उन्हाळा लागताना आमच्यातला ग्यान्या नुसता ओंजळभर प्यायला वाकला, तर काठीनं त्याचा हात मोडला. तेव्हापासनं आम्ही पोरं पाळी लावून उड्या मारत होतो. कुणाचे दात गेले, कुणाची बरगडी. पण हौद रोज उपसावा लागत होता.

काका पंपाकडं गेला, विहिरीत डोकावला आणि तसाच परत आला.

"साहेब, खाली नुसता चिखल राहिलाय. हे पाणी सोडलं तर परत भरायला थेंब नाही."

साहेब पोहायच्या चड्डीवर उभा होता, उन्हानं लालबुंद. तो स्वतः जाऊन विहिरीत वाकून आला. मग माझ्याकडं बघत राहिला.

"अजून हाणू का, साहेब?" काकानं काठी उचलली.

साहेबानं घाम पुसला आणि माझं रक्त तरंगत होतं त्याच पाण्यात गपचूप उतरला.

मग मीही उतरलो. काकाची काठी वरच्या वर राहिली.