बाटलीत काय होतं

"अजून एकदा बघा ना. इथे, टाळूच्या मागच्या बाजूला. परवा केस हाताला लागले होते."

डॉक्टरबाईंनी दिवा पुन्हा खाली ओढला आणि भिंग लावलं. आजोबा समोरच्या पट्टीवर हनुवटी टेकवून डोळे मिटून बसले. त्यांच्या टकलावर एक बारीक निळा ठिपका गोंदलेला होता. नवं औषध लागू पडतंय का ते बघायला दर खेपेला त्या ठिपक्याभोवतालचे केस मोजायचे, ही इथली रीत. एरवी आजोबा या खुर्चीत बसून थट्टा करायचे, "मोजा मोजा, बोटं पुरतील." आज ते स्वतःच पुन्हा पुन्हा मोजायला लावत होते.

"थोडी लव आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण ती पहिल्या फोटोतही होती."

"नव्हती हो! मला माझं डोकं माहीत नाही का?"

दाराजवळच्या बाकावर त्यांची मुलगी बसली होती. तिच्या मांडीवर आठ महिन्यांची ठमी. सकाळपासून मुलीने ठमीला आजोबांच्या हातात दिलं नव्हतं.

महिन्यापूर्वी ठमीच्या पाठीवर लव दिसली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने आजोबाच हसले होते. "माझे गेले ते हिच्याकडे आले!" मग ती लव काळी झाली, लांब झाली, खांद्यावरून कपाळावर आली, आणि घरातलं हसणं बंद झालं. काल मुलांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. घरात कुणी केसांचं औषध लावत असेल आणि ते हिच्या अंगाला लागत असेल, तर घाबरू नका. औषध बंद करा, हे केस आपोआप गळून जातील. तसं नसेल, तर पोटात गाठ असू शकते. मग शोधाशोध करावी लागेल, आणि लवकर.

"आमच्याकडे असलं औषध कोण लावणार?" मुलगी म्हणाली होती. आजोबा तिथे खाली बघून ठमीचं झबलं सारखं करत राहिले. आज सकाळी मात्र त्यांनी कपाटातल्या स्वेटरांमागून बाटली काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

तेव्हापासून मुलगी एकच वाक्य बोलली होती. "या वयात केस कुणाला दाखवायचे होते, बाबा?"

ठमी रोज दुपारी त्यांच्या खांद्यावर झोपायची, गाल त्यांच्या टकलाला लावून. औषध लावल्यावर टोपी घाला, लहान मुलांना डोक्याशी येऊ देऊ नका, असं इथे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सुरुवातीला आजोबांनी पाळलं. पण उन्हाळा गेला, पावसाळा गेला, केस काही उगवेनात. औषधाच्या या चाचणीत अर्ध्या लोकांच्या बाटलीत खरं औषध असतं, अर्ध्यांच्या बाटलीत तसंच दिसणारं नुसतं पाणी, आणि कुणाला काय दिलंय ते डॉक्टरबाईंनाही माहीत नसतं. आजोबांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं, की आपल्या वाट्याला पाणी आलंय. पाण्यासाठी टोपी कशाला?

आणि आता ते देवाकडे मागत होते, की ते पाणी नसू दे.

"मी मुख्य ऑफिसला कळवलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एरवी ते सांगत नाहीत. पण बाळाचा प्रश्न आहे, म्हणून तुमच्या बाटलीचा नंबर उघडून बघतायत. येईलच फोन."

"खरंच औषध असणार. किती उग्र वास येतो! पाण्याला वास असतो का?"

"वास दोन्हींना सारखाच ठेवतात, आजोबा."

"चुरचुरतंही."

"ते स्पिरिटमुळे. ते दोन्हींत असतं."

आजोबांनी रुमालाने डोकं खसाखसा पुसलं. "मग काय, मीच केलंय म्हणून लिहून घ्या ना! टोपी घातली नाही मी. सांगितलं होतं तुम्ही, नाही ऐकलं. माझीच चूक आहे."

मुलीने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा तिने बापाकडे नीट पाहिलं.

"तुमचीच असू दे, बाबा," ती म्हणाली. "जन्मभर तुम्हाला बोलून दाखवीन मी. पण तुमचीच असू दे."

ठमीने आजोबांच्या डोक्याकडे बघून हात पुढे केले आणि हुंकार दिला. आजोबांनी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

फोन वाजला. डॉक्टरबाई तो घेऊन खिडकीशी गेल्या. त्यांनी नंबर सांगितला. मग ऐकत राहिल्या.

"नक्की?" त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा बघता का?"

पुन्हा ऐकलं. फोन हळूच टेबलावर ठेवला. आपली खुर्ची ओढून त्या आजोबांच्या अगदी समोर येऊन बसल्या. बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. असा आवाज आजोबांनी आयुष्यात एकदाच ऐकला होता, बायको गेली त्या वेळी.

"तुमच्या हातून काही झालेलं नाही, आजोबा. बाटलीत औषध नव्हतं."

बाक करकरला. मुलगी उठून जवळ आली.

"घ्या तिला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

आजोबांनी मांडीखालून हात काढले. ठमी त्यांच्या खांद्यावर चढली, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि रोजच्यासारखा गाल टेकवला. ते तिला थोपटू लागले. झबल्याच्या पातळ कापडातून तिच्या पाठीवरचे केस त्यांच्या तळहाताला लागत होते.