माणसं बदलतात

क्रूझ बंदराला लागली, सगळे बॅगा घेऊन उतरले, तरी काका खोलीतून हलेनात. त्यांनी गुपचूप त्याच बोटीची पुढची सफरही बुक केली होती. काकूंना पहिला संशय तिथेच आला.

"बोट तीच, खोली तीच, समुद्रही तोच. मग आता नवीन काय बघायचंय?"

"माणसं बदलतात ना," काका म्हणाले.

त्याचा अर्थ जेवणाच्या टेबलावर कळला. समोर नवी मंडळी होती, आणि जन्मभर पंखे विकलेले काका त्यांना आपण हार्ट सर्जन असल्याचं सांगत होते. कुणाच्या छातीत दुखेपर्यंत चालेल, म्हणून काकू गप्प बसल्या. त्याच्या पुढच्या सफरीत काका पायलट झाले. काकूंनी तेही गिळलं, पण आता त्या काकांवर डोळा ठेवून होत्या. धंदा बदलणारा माणूस धंद्यावर थांबेल, याची काय खात्री?

त्यानंतरच्या सफरीत समोर एक हसतमुख, एकट्या आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या. काकांनी लगेच भांग सारखा केला.

"मी कर्नल. आणि ही माझी धाकटी बहीण."

काकूंनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"आणि ताई, तुमचे मिस्टर?" बाईंनी विचारलं.

"हे गेले."

"अरेरे! कधी हो?"

"आत्ताच."

सगळं टेबल हळहळलं. बाई उठल्या, मग सगळेच उठले आणि दोन मिनिटं शांतता पाळली गेली. कर्नल असल्यामुळे काकांना सगळ्यांत ताठ उभं राहावं लागलं.