शर्टाची जागा

ओआहाकाला निघालेल्या बसमध्ये एकच जागा रिकामी होती. तिच्यावर शेजारच्या म्हाताऱ्याने शर्ट पसरला होता. “बाबा, शर्ट उचला की,” कोंबडीची टोपली सावरत तोमासा म्हणाली. “माणूस आहे इथं.” “मला तर शर्टच दिसतोय.” अख्खी बस हसली. म्हाताऱ्याने दोन तिकिटं दाखवली. तोमासाच्या मनात पाल चुकचुकली. शर्टाखाली काहीतरी दडवलंय, लष्कराच्या नाक्यावर थेरडा सगळ्यांना गोत्यात आणणार. वळणावळणावर तो शर्टाकडे झुकून पुटपुटत होता. तिने कान टवकारले. “नाबोर, पूल आला. मागं राहू नको, बाळा.” ती चपापली. अपघातात गेलेल्याचा जीव तिथंच घुटमळतो. हाका मारत, त्याच्याच कपड्यातून घरी आणावा लागतो. नवऱ्याला तिनेही असंच आणलेलं. नाक्यावर जवानाने शर्टाकडे हात नेला, तशी ती टोपलीसकट आडवी आली. “हात लावू नको, लेकरा. माणूस आहे तिथं.”